तुझा देव त्यांना मिळणार नाही

बाई,

काल तुझ्या तेरवीला मी तेजरामला गावासमोर तोंडघशी पाडलं. पंगती बसायच्या आधी, मांडवात, सगळ्यांच्या देखत. तू असतीस तर पदर तोंडाला लावून आत गेली असतीस आणि मागाहून चुलीपुढे बसून मला म्हणाली असतीस, "कायले गा बाबू, मेल्या सापाले मारतं?" पण साप मेलेला नव्हता. तुझ्याच मांडवात, तुझ्याच फोटोशेजारी खुर्ची टाकून बसला होता आणि तुझ्या नावानं खोटं बोलत होता.

मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या बहिणीला लिहिताना भावाचं मन शांत असावं म्हणतात. ज्यांचं राहतं त्यांनी ठेवावं. मी तुझ्या सपरीत, या पुढच्या पडवीत, तुझ्या बाजेवर बसून हे लिहितो आहे आणि माझे कान अजून तापलेले आहेत.

तुझी राख सावडून आम्ही घरी आलो, त्याच दिवशी तो आला, गावातल्या नाम-मंडळाचा प्रमुख. सोबत मंडळाचे दोघे, पांढऱ्या टोप्या, हातात झेंडूचा हार. इतकी वर्षं ज्या घराच्या पायरीला पाय लावला नाही, त्या घरात असे शिरले की जणू सकाळीच चहा पिऊन गेले होते. मी कोपऱ्यात बसलो होतो. माझ्याकडे पाहून त्यानं हात जोडले. मी जोडले नाहीत.

"अनसूयाबाई आपल्याच होत्या," तो तुझ्या प्रमोदला म्हणाला. "मधात जरा भटकल्या. पण शेवटी निरोप पाठवला त्यायनं, माफी मांगतो म्हने. नाम घेऊनच गेल्या. तेरवी आपल्या पद्धतीनं करू. मी दोन शब्द बोलीन."

प्रमोदनं झेंडूचा हार त्यांच्या हातून घेतला. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तुझ्या शेवटच्या दिवसांत मी याच घरात होतो, बाई. कोण निरोप घेऊन गेलं? तुला पाण्याचा पेला धरवत नव्हता, आणि तू म्हणे माफीनामे पाठवत होतीस.

ते गेल्यावर मी प्रमोदला धारेवर धरलं. तुझ्या पोरानं आवाज चढवला नाही. तेवढा तुझ्यावर गेला आहे.

"मामाजी, तुमी बसमंदी बसून जवाहरनगरले निंगून जासान," तो म्हणाला. "मले इथी राहाचं हाय. त्यायच्याबिगर तेरवीले जेवाले कोन येईन? पुढच्या साली रोवन्याले कोन येईन? आईनं भोगलं थे पुरे नाही झालं का?"

त्याचं बरोबर होतं, म्हणून माझा राग दुप्पट झाला. जिवंतपणी तुला वाळीत टाकलं आणि मेल्यावर तुझा देव पळवायला आले. तू आयुष्यात दुसरं काही कमावलं नव्हतंस. धान पिकलं आणि खाल्लं गेलं, माणसं आली आणि गेली. एक तो तुझा होता, कोणाच्या हातून न घेतलेला. आणि हा म्हणणार, तोही आम्हीच दिला.

आता तू म्हणशील, त्या देवावरून तू तरी मला कमी छळलंस का? छळलं. आणि ते भांडण संपलेलं नाही. तू मेलीस म्हणून मी ते सोडून देईन असं समजू नकोस.

आईचे देव. पितळेच्या डब्यातले ते बोटाएवढे टाक. रीतीप्रमाणे ते माझ्याकडे यायचे होते. पण म्हातारी शेवटी एकोडीला तुझ्याकडे राहिली आणि जाताना डबा तुझ्या हातात देऊन गेली. मी म्हटलं, असू दे, बहिणीच्या घरात आहेत. आणि मग तू मंडळात गेलीस. मंडळात नाम घ्यायचं तर घरात दुसरा देव चालत नाही. गुरूंचा फोटो तेवढा ठेवायचा, बाकीचे वाहत्या पाण्यात सोडून यायचे. मी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेच्या दिवसांत आलो तर भिंतीतली देवळी पुसून स्वच्छ, आणि त्यात कोणा अनोळखी माणसाचा हार घातलेला फोटो. मी तुझ्या घरी पाणीसुद्धा न पिता परत निघालो. तू माझ्या मागे मागे लाखनीपर्यंत आलीस. महामार्गावर, ट्रकांच्या भोंग्यांत, चहाच्या टपरीपुढे उभे राहून आपण भांडलो. ओरडल्याशिवाय एकमेकांचं ऐकू येत नव्हतं, म्हणून अख्ख्या लाखनीनं ते ऐकलं.

"आईचे देव बुडवलेस!"

"बुडवले नाही. ठेवले पान्यात."

तेव्हा मला त्यातला फरक कळला नाही. वर्षभर मी तुझा फोन घेतला नाही. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये मी मोठं देवघर करून घेतलं, संगमरवरी फरशीचं, दिव्यांच्या माळेचं. देवासाठी नाही, तुला खिजवायला. कारखान्याची बस यायच्या आधी रोज आंघोळ करून स्तोत्रं म्हणायचो, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ द्यायचो नाही, आणि प्रत्येक श्लोकाला मनात म्हणायचो, बघ, मी सोडले नाहीत.

मग एका उन्हाळ्यात तुझा फोन आला. बायकोनं जबरदस्तीनं माझ्या कानाला लावला.

"बाबू, आईचे देव बांधीत गेले."

तू ते वाहत्या पाण्यात सोडलेच नव्हतेस. मंडळाला सोडले म्हणून सांगितलंस आणि आपल्या शेतामागच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, काठाजवळ, हात पोचेल अशा जागी ठेवलेस. लांब गेलेले तुला सोसणार नव्हते. पण ज्या बाईचा जन्म धानात गेला, ती एवढं विसरली की बोडी कधीतरी उपसतात आणि तिचा गाळ शेतात पडतो. त्या साली बोडी कोरडी पडली, भाऊजींनी मशीन लावली, ट्रॉल्या भरभरून गाळ बांध्यांत, धानाच्या खाचरांत पसरला. तू तेव्हा भंडाऱ्याला दवाखान्यात होतीस, मुलीच्या बाळंतपणात. परत आलीस तर बोडी रिकामी, आणि आईचे देव काळ्या मातीत कुठेतरी.

मी म्हटलं, शोध.

"कुठी शोधू गा? सारी बांधी उलथू का?" आणि तू हसलीस. हसलीस, बाई. मी फोन आपटला. त्यानंतर आपली जेव्हा भेट झाली तेव्हा मी पहिल्यांदा तेच विचारलं, आईचे देव कुठे आहेत? आणि तू दरवेळी शेताकडे हात करून म्हणालीस, "थे काय. घे ना काढून." मला वाटायचं तू माझी थट्टा करते आहेस. थोडी करतही होतीस.

भाऊजी गेले तेव्हा मला तुझ्या मंडळाची खरी ओळख झाली. मी पोचलो तेव्हा अंगणात टाळ वाजत होते. तेजराम दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होता, रडायचं नाही, जीव गुरूंच्या पायाशी गेला, आनंदाचा प्रसंग आहे. रडलं तर नामावर विश्वास नाही असं होतं. तू भिंतीला टेकून बसली होतीस. डोळे कोरडे. पण हातानं जमिनीचं शेण सारखं खरवडत होतीस, नखं भरून. मी जवळ बसलो तर मलाच म्हणालीस, "रडू नोको बाबू, चालत नाही." तो दिवस मी तेजरामच्या नावावर लिहून ठेवला. मनात. माझी स्मरणशक्ती अशा बाबतीत चांगली आहे.

पुढच्या पावसाळ्यात धानाचा रोवणा चालू असताना, बायांची पाळी यायच्या आधी एकटीनं एक तुकडा रोवता रोवता, पऱ्ह्यांची, रोपांची जुडी हातात घेऊन, तू बांधीच्या मधोमध चिखलात बसलीस आणि हंबरडा फोडलास. हे तूच मला फोनवर सांगितलंस, पोरीनं शाळेतली खोडी सांगावी तसं.

"देवाले शिव्या देल्या बाबू मी. तोंडभरून. तुया बापाचं काय जात होतं म्हनलं थोडे दिवस ठेवला असता तर."

"मग?"

"मंग काय. आयकून घेतलं त्यानं. मले वाटलं तो जवळच उभा होता, धुऱ्यावर. मंग मी उठली अन् रोवाले लागली."

मी तेव्हा म्हटलं, बाई, तुझं डोकं फिरलं आहे, नीट स्तोत्र म्हणत जा. तू म्हणालीस, "तुयं देवासंग कधी भांडन झालं का?" मी म्हटलं, मी कशाला भांडू देवाशी? "मंग तुमा दोघायची वळख नाही झाली अजून," म्हणालीस आणि फोन ठेवलास. ठेवायची पाळी त्या दिवशी तुझी होती.

ही गोष्ट तू कौशल्याबाईलाही सांगितलीस, तुझ्या शेजारणीला. तिच्या पोटात राहिली नाही. तेजरामपर्यंत गेली. गुरुवारच्या हजेरीत त्यानं तुला उभं केलं आणि सर्वांसमोर माफी मागायला सांगितलं, नाम घेतलेल्या बाईनं रडून गुरूंचा अपमान केला म्हणून. तू काय म्हणालीस ते अजून गावात लोक दबक्या आवाजात सांगतात. "ज्याले शिव्या देल्या त्याची माफी त्याले मांगीन. तुमाले कायले मांगू?" आणि चपला घालून घरी आलीस. देवळीतला फोटो काढून मंडळाच्या दारात ठेवून आलीस, नीट, कापडात गुंडाळून. मी असतो तर फोडला असता.

शिक्षा त्यांनी अशी दिली की बाहेरच्या माणसाला ती कळायचीच नाही. तुला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त रोवण्याला आल्या नाहीत. मंडळातल्या बायांचा रोवणा अदलाबदलीवर चालतो, आज माझी बांधी, उद्या तुझी. त्या साली तू सर्वांच्या बांध्यांत वाकून आलेली होतीस आणि तुझी पाळी आली तेव्हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एकही बाई उभी राहिली नाही. कौशल्याबाईसुद्धा नाही. खारीच्या वाफ्यातले पऱ्हे म्हातारे होत चालले. धानाची रोपं वेळेत लागली नाहीत तर पुढे फुटवा धरत नाहीत, हे तेजरामला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी रजा टाकून आलो. आयुष्यात मला सगळ्यात वाईट जमलेलं काम ते. माझ्या ओळी अशा वाकड्या की बगळेसुद्धा बघायला थांबायचे. तू पुढे, मी मागे, प्रमोद जुड्या टाकतो आहे. आणि तू दिवसभर बोलत होतीस. आधी वाटलं माझ्याशी बोलते आहेस, म्हणून मी "हो" म्हणत होतो.

"का गा, आज ऊन कायले काढलं? थोडं झाकून घे ना. हा माया भाऊ हाय, मशिनीवरचा मानूस, याले सवय नाही." मग चार पऱ्हे रोवायचीस. मग, "बरं, तुया मनासारखं कर. पन पऱ्हे जगव. त्यायचं काय चुकलं?" मग एकदम हसणं, जसं समोरच्यानं काही उत्तर दिलं.

दुपारी धुऱ्यावर बसून भाकरी खाताना मी विचारलं, "बाई, तो दिसतो का तुला?"

"नाही गा. दिसते कोनाले?"

"मग कसं कळतं?"

तू चिखलाचा हात पदराला पुसलास. "जो नसते त्याच्यावर राग येते का? मले येते. रोज येते. म्हनून हाय." मग भाकरीचा एक तुकडा मोडून पाण्याच्या कडेला ठेवलास. नैवेद्य म्हणून नाही. जोडीदाराला वाटा ठेवतात तसा. मी स्तोत्रांत असं कुठे वाचलं नव्हतं, म्हणून मी नाक मुरडलं. पण त्या दिवशी घरी जाताना तुझ्या हाताची ती सहजता माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही. माझ्या संगमरवरापुढे मी कधी असा बसलो नव्हतो.

तुझी जागा तेव्हापासून तीच राहिली, तो धुरा. उपासतापास सोडलेस, मंडळ सोडलंस, देवळात गेलीस तर घंटा वाजवून "हाय का घरी?" विचारून यायचीस. लोक तुला येडी म्हणाले. तू कोणाला काही शिकवायला गेली नाहीस. मला तर मुळीच नाही. मला फक्त चिडवलंस, आणि मी दरवेळी चिडलो.

आता शेवटचं. हे मी काल मांडवात सांगितलं, पण तुला पुन्हा सांगतो, कारण तू त्या वेळी अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे होतीस. संध्याकाळची वेळ होती. गाईचं दूध काढून प्रमोद नुकताच आला होता. कौशल्याबाई मागच्या दारानं पेज घेऊन आली होती. ती रोज यायची, चोरासारखी, भांडं पदराखाली झाकून. मी तिला कधी "बसा" म्हटलं नाही. तू मला खुणेनं बाज दाराकडे वळवायला सांगितलंस. मी वळवली. तू कितीतरी वेळ उंबऱ्याकडे पाहत राहिलीस आणि मग अगदी घरच्या आवाजात, पाहुण्यावर रागावतात तशी म्हणालीस:

"ये ना गा आता. किती वेळ भायेरच उभा राहातं? चिखलाचे पाय असतीन तुये. धुऊन घे अन् ये."

एवढंच, आणि गेलीस. ना नाम, ना गुरू, ना माफी.

आणि याच तोंडात तेजराम दुसरेच शब्द कोंबायला निघाला होता.

तेरवीच्या आदल्या दिवशी पाडवा होता, पोळ्याचा. पहाटे पोरं पळसाच्या फांद्या घेऊन मारबत काढत होती, गावाबाहेर टाकायला. खासी, खोकला, रोगराई, घेऊन जा गे मारबत. घरात सुतक, माझं वय असं, आणि मी तुझ्या दारातून उठून त्या पोरांच्या मागे चालू लागलो. तेजरामच्या घरापुढे आल्यावर मी माझ्या सगळ्या छातीनं ओरडलो, "तेजरामची गादी घेऊन जा गे मारबत!" पोरांना काय, त्यांनी उचलून धरलं. शिवेपर्यंत तेच. रोगराईच्या जागी तेजराम. मला फार बरं वाटलं. लहानपणी शेजाऱ्याच्या आंब्यावर दगड मारून मिळायचं तसलं बरं.

दुपारी प्रमोदकडे निरोप आला, मामाला आवरा. प्रमोदनं माझ्यापुढे हात जोडले. "मामाजी, उद्या काही बोलू नोका." मी म्हटलं, तो खोटं बोलला नाही तर मीही बोलणार नाही. मी शब्द दिला आणि तो पाळला. आधी तो बोलला.

मांडव भरला होता. ज्यांनी तुला रोवण्यात एकटं सोडलं त्या सगळ्या बाया ओळीनं बसल्या होत्या, डोक्यावर पदर, डोळे कोरडे. मंडळाची शिस्त. तेजराम उभा राहिला. गुरू, मार्ग, भटकलेलं कोकरू, सगळं झालं. मग म्हणाला, "शेवटी मानूस शरन येतेच. अनसूयाबाई माफी मांगून, नाम घेऊन गेल्या. याचं नाव कृपा."

मी उठलो. मी त्याला काय काय म्हणायचं ते रात्रभर रचून ठेवलं होतं, बाई. ढोंगी, चोर, त्याही पुढचं. तुझ्यासमोर लिहवत नाही. पण उभं राहिल्यावर त्यातलं काही तोंडाशी आलं नाही. मी विचारलं, "तेजरामजी, ती गेली तेव्हा तुम्ही कुठे होता?" तो म्हणाला, देहानं नसलो तरी. मी म्हटलं, "मी देहानं होतो. ती काय म्हणाली ते मी सांगतो." आणि सांगितलं. तुझ्याच बोलीत, तुझ्याच शब्दांत. चिखलाचे पाय असतीन तुये. धुऊन घे अन् ये.

त्या मांडवात एकही बाई अशी नव्हती जिनं रोवण्यावरून घरी आलेल्या माणसाला हे वाक्य म्हटलेलं नाही. नवऱ्याला, पोराला, बापाला. मग मागच्या ओळीत कौशल्याबाईनं तोंडावरचा पदर काढला.

"खरं हाय," ती म्हणाली. "मी होती तिथी. मागच्या दारानं जात होती मी. थे असंच बोलली." आणि तिनं असा गळा काढला की बाहेर बांधलेले बैल उठून उभे राहिले. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. मग ओळच्या ओळ, वर्षानुवर्षांचं तुंबलेलं, कोणी नवऱ्याचं, कोणी लेकराचं, सगळं तुझ्या तेरवीत मोकळं झालं. तेजराम हात वर करून "रडू नका, रडू नका, नामाचा अपमान होते" म्हणत होता. कोणी ऐकत नव्हतं. त्याची स्वतःची बायको रडत होती. तो थोडा वेळ तसाच हात वर करून उभा राहिला, मग त्यानं चपला शोधल्या. त्या गर्दीत त्याला त्याच्या चपला सापडल्या नाहीत, आणि तो अनवाणी गेला. मी हे मन भरून पाहिलं.

पंगती बसल्या. सगळे जेवले. प्रमोदनं कोणालाही उपाशी जाऊ दिलं नाही. कौशल्याबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली, काही ऐकायची वाट पाहत. मी तिला काही म्हटलं नाही. खरं बोलली हे खरं, पण त्या साली धुऱ्यावर आली नव्हती हेही खरं. तू तिला माफ केलं होतंस, तिच्या हातची पेज खाल्लीस. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नकोस.

आणि तरी, बाई, रात्री झोप आली नाही. सूड घेतल्यावर माणसाला गाढ झोप लागते असं मी ऐकलं होतं. सकाळपर्यंत छाती तशीच भरलेली. तेजरामची जागा तिच्यात रिकामी झाली होती, पण राग कमी झाला नव्हता. तेव्हा कळलं की तो बिचारा मधल्या मधे सापडला होता. माझं खरं भांडण दुसऱ्याशी होतं.

आज उजाडताना मी तुझ्या बांधीकडे गेलो. धान गुडघ्यापर्यंत आलं आहे, चांगलं फुटलं आहे. मी चपला धुऱ्यावर काढल्या, पँट दुमडली आणि आत उतरलो. आंघोळ केलेली नव्हती. स्तोत्र आठवलं नाही, आठवायचा प्रयत्नही केला नाही. तुझ्या जागी, मधोमध उभा राहिलो आणि बोललो. जवाहरनगरच्या चाळीस वर्षांत जी बोली मी तोंडातून घासून काढली होती, तीच आली. आईची.

"काहून नेली गा तिले? तुले दुसरं कोनी नव्हतं का? तेजराम नव्हता? मी नव्हतो? थे तुया संग बोलत होती, तुले भाकर ठेवत होती, अन् तिलेच नेलं. लाज नाही वाटली? बोल ना. आता कायले गप्प हायेस?"

आणखी बरंच बोललो. ते आमच्या दोघांतलं आहे, तुलाही सांगत नाही.

काही उत्तर आलं नाही. वारा नव्हता, पक्षी उडाला नाही, कोणी धुऱ्यावर दिसलं नाही. मी ओरडून ओरडून दमलो आणि तसाच उभा राहिलो. रडत होतो बहुतेक. पायाखाली चिखलात काहीतरी टणक लागलं, अंगठ्याजवळ, बोटाएवढं. खडा असेल. शेतात खडे असतात. नाहीतर तेही असेल, जे मी इतकी वर्षं तुझ्याकडे परत मागत होतो. मी वाकलो नाही. पाय अलगद उचलून बाजूला ठेवला, जे काही होतं ते तिथेच राहू दिलं.

परत आलो तर प्रमोदची बायको दारात उभी होती. माझ्या पायांकडे पाहून म्हणाली, "मामाजी, पाय धुऊन घ्या अन् या." तिला काही ठाऊक नव्हतं, ती काल स्वयंपाकात होती. मी घंगाळापाशी बसून पुष्कळ वेळ पाय धूत राहिलो.

आज दुपारच्या बसनं मी जाणार होतो. पिशवी भरलेली आहे. पण जात नाही. प्रमोदला सांगितलं, आणखी काही दिवस राहतो. त्यानं पिशवी उचलून आत नेऊन ठेवली. क्वार्टरच्या देवघरात माझा दिवा वेळेवर लागेल का, याची काळजी आज पहिल्यांदा वाटली नाही.

तुझ्या त्या धुऱ्यावरच्या जोडीदाराला मी माफ केलेलं नाही, बाई. करणारही नाही, निदान एवढ्यात तरी नाही. उद्या पहाटे पुन्हा जाणार आहे, त्याला जाब विचारायला. त्यालाही सांगून आलो आहे, घरीच राहा म्हणून.